पुसता येणारे क्रेयॉन आणि पांढरा फळा : वर्गात आणि घरी कसे वापरावेत?



पहिली-दुसरीच्या वर्गात एक गोष्ट आपण सगळेच बघतो. मुलाला शब्द वाचता येतो, तोंडी उत्तरही देता येतं, पण समोर वही ठेवली की पेन्सिल हलत नाही. मग ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं, नाहीतर "मला नाही येत" म्हणून मोकळं होतं. वहीत चुकलं की खोडरबर घासायचा, कागद काळा पडतो, कधी फाटतो, आणि ती वही घरी कोणीतरी बघणार असतं. त्याच मुलाच्या हातात पाटी द्या, ते लिहायला लागतं. पाटीवरची चूक एका फडक्यात जाते, हे त्याला माहीत असतं.

आपल्या कोरेगाव भीमासारख्या गावात हा प्रश्न जास्त जाणवतो. नगर रस्त्यावरचं गाव, शेजारी सणसवाडी आणि शिक्रापूर, पुढे रांजणगावची एमआयडीसी. कामासाठी मराठवाडा-विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून कुटुंबं येतात आणि भाड्याच्या खोलीत राहतात. वर्षाच्या मध्येच नवीन मूल वर्गात येऊन बसतं. शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची मुलं येतात आणि हंगाम संपला की जातात. अशा मुलाला काय येतं आणि काय येत नाही, हे आपल्याला पहिल्या आठवड्यातच कळायला हवं. कोरी वही ते सांगत नाही. घाबरून न लिहिलेलं आणि न येणारं, दोन्ही वहीत सारखंच दिसतं.

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता, लिहिता आणि पायाभूत गणित करता यावं, आणि हे २०२६-२७ पर्यंत साधावं, असं त्याचं उद्दिष्ट. त्यासाठी मुलाने रोज भरपूर लिहायला हवं, चुकायला हवं आणि पुन्हा लिहायला हवं. इथे पुसता येणारं साधन फार उपयोगी पडतं. आज त्यातल्या एका साधनाबद्दल सविस्तर बघू : पांढऱ्या फळ्यावर चालणारे, पुसता येणारे क्रेयॉन.

पाटी, फळा आणि आता पांढरा फळा

पुसून पुन्हा लिहिणं आपल्याला नवं नाही. दगडी पाटी आणि पेन्सिल कित्येक पिढ्यांनी वापरली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये 'खडू-फळा योजना' आली आणि खेड्यापाड्यातल्या प्राथमिक शाळांना किमान साहित्य देण्याचा प्रयत्न झाला. फळा हे शाळेचं पहिलं साहित्य मानलं गेलं, ते उगाच नाही.

पाटी-पेन्सिलीचे तोटेही आपल्याला माहीत आहेत. पाटी फुटते, पेन्सिल करकरते, आणि बरीच मुलं पेन्सिल खातात. खडूची भुकटी हातावर, कपड्यांवर आणि नाकात जाते. म्हणून हल्ली बऱ्याच वर्गांत पांढरा फळा आणि मार्कर आले. पण मार्कर लहान मुलाच्या हातात दिला की नव्या अडचणी सुरू होतात. टोपण हरवतं, मार्कर वाळतो, टोक दाबून आत जातं, शाई हाताला-गणवेशाला लागते आणि वासही येतो. क्रेयॉनला टोपण नाही, वाळण्याचा प्रश्न नाही. म्हणून लहान वयासाठी तो चांगला पर्याय ठरतो. फक्त योग्य क्रेयॉन आणि योग्य पृष्ठभाग लागतो.

'इरेझेबल' लिहिलंय, पण कशावरून पुसणार?

दुकानात खोक्यावर 'इरेझेबल' किंवा 'वॉशेबल' शब्द बघून लगेच घेऊ नका. त्या शब्दांखाली वेगवेगळ्या वस्तू मिळतात.

१. इरेझेबल प्लास्टिक क्रेयॉन : आपल्याकडे हे सगळ्यात जास्त दिसतात. यांनी *कागदावर* रंगवायचं आणि *खोडरबरने* खोडायचं. पांढऱ्या फळ्यासाठी हे बनवलेले नसतात.

२. वॉशेबल क्रेयॉन : याचा अर्थ कपड्यावर किंवा भिंतीवर लागले तर पाण्याने धुऊन जातात. कोरड्या फडक्याने निघतील असं नाही.

३. ड्राय-इरेज किंवा व्हाइटबोर्ड क्रेयॉन : आपल्याला हवे ते हेच. पांढऱ्या फळ्यावर लिहायचे आणि कोरड्या मऊ कापडाने पुसायचे. गावातल्या स्टेशनरी दुकानात नसतील तर पुण्यात मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन बघा. खोक्यावर 'ड्राय-इरेज' हा शब्द हवाच.

साधे मेणखडू आणि चित्रकलेचे तेलखडू पांढऱ्या फळ्यावर उमटतात, पण पुसायला गेलं की तेलकट फराटा उठतो. म्हणून ते डबे फळ्याजवळ ठेवूच नका. मुलं हाताला येईल तो रंग उचलतात.

रंग निवडताना काळा, निळा, लाल, हिरवा, जांभळा असे गडद रंग घ्या. पिवळा आणि गुलाबी पांढऱ्यावर नीट दिसत नाहीत.

पुसलं का जातं? मुलांसोबत करायचा प्रयोग

क्रेयॉन म्हणजे मेण आणि रंगकण यांचं मिश्रण. पृष्ठभाग गुळगुळीत आणि छिद्रं नसलेला असेल तर मेणाचा थर वरच्यावर बसतो आणि घासल्यावर निघतो. पृष्ठभागाला बारीक छिद्रं असतील तर मेण त्यात शिरतं आणि अडकतं. ड्राय-इरेज क्रेयॉनचं मिश्रणच असं केलेलं असतं, की तो गुळगुळीत पृष्ठभागाला घट्ट चिकटत नाही.

मार्करचं तत्त्व थोडं वेगळं आहे. त्याच्या शाईत अल्कोहोलसारखा लवकर उडून जाणारा द्रव, रंगकण आणि रंग पृष्ठभागाला चिकटू न देणारा तेलकट घटक असतो. द्रव उडून गेला की वर सुटी पापडी उरते आणि ती पुसली जाते. म्हणून टोपण उघडं राहिलं की मार्कर वाळतो. क्रेयॉनमध्ये उडून जाणारं काही नसतं, म्हणून तो वाळत नाही.

हे नुसतं सांगण्यापेक्षा तिसरी-चौथीच्या मुलांकडून करून घ्या. साहित्य : स्टीलचं ताट, चकचकीत पांढरी टाइल, काचेचा तुकडा (कडांना चिकटपट्टी लावून), लॅमिनेट केलेला कागद, साधा कागद, शहाबादी फरशीचा तुकडा. प्रत्येकावर एकाच क्रेयॉनने एक रेघ मारायची. आधी अंदाज लिहायचा : पुसेल की नाही? मग कोरड्या फडक्याने पाच वेळा घासायचं आणि निरीक्षण नोंदवायचं. टाइल, ताट आणि काचेवरून रेघ जाते. साधा कागद आणि शहाबादी फरशी रंग सोडत नाहीत. मग त्याच फरशीवर आणि टाइलवर पाण्याचा एकेक थेंब टाकायला सांगा. एकीकडे थेंब शोषला जातो, दुसरीकडे तसाच उभा राहतो. जिथे पाणी शिरतं तिथे मेण अडकतं, हे मुलं स्वतःच बोलून दाखवतात.

लहान हातासाठी क्रेयॉन का?

पांढरा फळा घसरडा असतो. त्यावर मार्कर इतका सहज पळतो, की ज्या मुलाच्या बोटांत अजून ताकद आणि ताबा आलेला नाही त्याचं अक्षर वाहवत जातं. 'अ' ची गाठ, 'ळ' चे दोन गोल, 'क्ष' ची वळणं नीट येत नाहीत. क्रेयॉनला थोडा दाब द्यावा लागतो, तो किंचित अडतो. त्या अडण्यामुळे हात सावकाश चालतो आणि वळण बोटांना जाणवतं.

दुसरं म्हणजे पकड. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट या तीन बोटांत धरायची सवय लागण्यासाठी *लहान* तुकडा चांगला. लांब मार्कर मूल मुठीत धरतं. दोन बोटं-पेरांएवढा क्रेयॉन मुठीत मावतच नाही, तो आपोआप तीन बोटांत येतो. म्हणून तुटलेले क्रेयॉन टाकू नका. मात्र अंगणवाडीतल्या अगदी लहान मुलांच्या बाबतीत तुकडा तोंडात जाऊ शकतो, तिथे मोठाच क्रेयॉन द्या आणि जवळ बसा.

डावखुऱ्या मुलांचाही विचार करा. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, त्यामुळे डावखुऱ्या मुलाचा तळहात लिहिलेल्यावरून सरकत जातो. मार्करची वाळलेली शाई तळहाताने लगेच पुसली जाते. क्रेयॉनचा थर त्यामानाने टिकतो.

क्रेयॉनची मर्यादाही सांगायला हवी. रेघ मार्करपेक्षा फिकट येते. मागच्या बाकावरून दिसायला हवं असेल तर शिक्षकांनी मोठ्या फळ्यावर मार्कर किंवा खडूच वापरावा. क्रेयॉन मुलांच्या हातातल्या छोट्या फळ्यांसाठी.

फळा विकतच घ्यायला हवा असं नाही

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ यांच्यासोबत पुढे कोसबाडला ते काम वाढवलं. परिसरात मिळणाऱ्या वस्तूंपासून शैक्षणिक साहित्य करायचं, ही त्यांची शिकवण आजही तितकीच कामाची आहे.

स्वस्तातल्या पांढऱ्या फळ्याचा वरचा थर बहुतेक वेळा मेलामाइनचा असतो. फर्निचरवर लावतात त्या सनमायकाचा वरचा थरही मेलामाइनचाच. म्हणजे *पांढरा, चकचकीत* सनमायका हा तयार फळाच आहे. मॅट किंवा खरखरीत डिझाइनचा घेऊ नका, त्यात रंग अडकतो.

आता हिशोब बघा, हे उदाहरण चौथीच्या मुलांनाही देता येईल. सनमायकाची पूर्ण शीट ८ फूट × ४ फूट, म्हणजे ९६ इंच × ४८ इंच. एक छोटा फळा १२ इंच × ८ इंच धरला तर लांबीत ८ आणि रुंदीत ६, म्हणजे एका शीटमधून ४८ फळे निघतात. अर्ध्या शीटमध्ये २४ मुलांचा वर्ग भागतो. गावातल्या फर्निचरवाल्याकडे उरलेले तुकडे असतात, शाळेसाठी म्हटलं तर बरेचदा तसेच मिळतात. सनमायका पातळ असतो आणि कडा धारदार, म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर फेव्हिकॉलने चिकटवा आणि चारही बाजूंना कापडी टेप लावा. हे काम मोठ्यांनीच करावं.

घरी तर याहून सोपं. भाड्याच्या खोलीत भिंतीला खिळा ठोकता येत नाही, भिंत रंगवली तर घरमालक बोलतो. अशा वेळी एक पांढरी टाइल किंवा लॅमिनेट केलेला जाड कागद पुरतो. मांडीवर घ्यायचा, झालं की कपाटामागे ठेवायचा. तोही नसेल तर स्टीलचं ताट चालतं. ताट नंतर साबणाने धुवा.

वर्गात घ्यायच्या कृती

१. 'धरा वर!' प्रश्न विचारा, सगळ्यांनी आपापल्या फळ्यावर उत्तर लिहायचं आणि "धरा वर!" म्हटलं की एकदम वर करायचं. नेहमी आपण एकाला उभं करतो आणि हुशार मूल उत्तर देतं, बाकीचे माना डोलावतात. इथे दहा सेकंदांत अख्ख्या वर्गाची उत्तरं आपल्यासमोर असतात. आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातलं आकारिक मूल्यमापन इतक्या सहज दुसऱ्या कशाने होत नाही. एक पथ्य पाळा : चुकलेल्या फळ्याकडे बोट दाखवून नाव घ्यायचं नाही. "पुन्हा एकदा बघा आणि हवं तर बदला" एवढंच म्हणायचं.

२. काना पुसा, शब्द बदला. अक्षरं काळ्या रंगात, काने लाल रंगात. शिरोरेषा शेवटी. मुलांनी 'चारा' लिहायचं. आता शेवटचा काना पुसा. काय झालं? 'चार'. उरलेला कानाही पुसा. 'चर'. गुरांचा चारा, चार हा आकडा आणि शेतात खणलेला चर, तीन वेगळ्या गोष्टी. तसंच 'वारा – वार – वर', 'गारा – गार – गर'. काना म्हणजे नुसती उभी रेघ नाही, तिच्यामुळे शब्द बदलतो, हे मुलांना डोळ्यांसमोर दिसतं. ज्या मुलांची घरची भाषा मराठी नाही, त्यांना याचा विशेष फायदा होतो. वहीत हे करायचं तर तीन वेळा पूर्ण शब्द लिहावा लागतो आणि बदल नेमका कुठे झाला ते हरवतं.

३. दशक निळे, एकक लाल. 'पंचवीस' ऐकताना पाच आधी ऐकू येतो आणि वीस नंतर. म्हणून बरीच मुलं ५२ लिहितात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर त्यावर चर्चा झाली. मुलांची अडचण मात्र खरी आहे. दोन रंगांत लिहून घेतलं की कोणता अंक कुठे, हे पक्कं होतं.

४. पुसणं म्हणजे वजाबाकी. ४२ − १७ घ्या. चार निळे दांडे (दशक) आणि दोन लाल ठिपके (एकक) काढा. सात ठिपके काढून टाकायचे आहेत, पण आहेत दोनच. मग एक दांडा पुसा आणि त्याच्या जागी दहा लाल ठिपके काढा. आता ठिपके १२, दांडे ३. सात ठिपके पुसा, ५ उरले. एक दांडा पुसा, २ उरले. उत्तर २५. 'हातचा घेतला' असं आपण तोंडाने म्हणतो, तो हातचा कुठून आला हे इथे मुलाने स्वतःच्या हाताने केलेलं असतं.

५. नकाशावर नदी. पुणे जिल्ह्याचा नकाशा मोठा झेरॉक्स करून लॅमिनेट करून घ्या. निळ्या क्रेयॉनने भीमा काढायची : भीमाशंकरला उगम, तुळापूरला इंद्रायणी मिळते, मग आपलं कोरेगाव, पुढे रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा येऊन मिळते, मग दौंड. जिल्ह्याबाहेर पंढरपुरात तीच चंद्रभागा. पुसायचं आणि पुढच्या गटाला द्यायचं. एकच नकाशा वर्षभर पुरतो. आपल्या गावाच्या नावातली नदी कुठून आली आणि कुठे गेली, हे मुलं आवडीने काढतात.

घरी रोज दहा मिनिटं

पालकांनो, घरी शाळा भरवायची गरज नाही. स्वयंपाक करताना मुलाला सांगा : आज भाजीला काय काय लागलं, ते फळ्यावर लिही. दुकानातून आणायच्या तीन वस्तू लिही. आई-वडिलांना मराठी लिहिता येत नसेल तर मुलानेच त्यांना रोज एक शब्द शिकवावा. लिहिताना चुकलं तर लगेच टोकू नका. पूर्ण झाल्यावर "हे वाचून दाखव" म्हणा. वाचताना मूल स्वतःच थांबतं, स्वतःच पुसतं आणि दुरुस्त करतं. ती दुरुस्ती जास्त टिकते.

निगा कशी राखायची?

- पुसायला जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा मऊ तुकडा घ्या. प्रत्येक फळ्याला एक. आठवड्यातून एकदा साबणाने धुवा, नाहीतर मेणकट फडकं रंग पुसण्याऐवजी पसरवतं.
- कोरड्याने निघालं नाही तर ओलसर फडकं. तरीही डाग राहिला तर लक्षात ठेवा : मेणाला तेल, शाईला स्पिरिट. क्रेयॉनच्या डागावर खोबरेल तेलाचं बोट फिरवा, पुसा आणि साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा. मार्करच्या डागाला सॅनिटायझर चालतो, तो मोठ्यांनीच वापरावा.
- तारेची घासणी कधीच नको. ओरखडे पडले की पुढे प्रत्येक वेळी रंग त्यात अडकणार.
- एकाच फळ्यावर क्रेयॉन आणि मार्कर आलटून पालटून वापरू नका. मेणाच्या थरावर मार्कर उमटत नाही आणि त्याचं टोक बुजतं.
- लिहिलेलं दिवसेंदिवस तसंच ठेवू नका, त्याच दिवशी पुसा.
- एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीतल्या उन्हात डबा ठेवला तर क्रेयॉन मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. डबा सावलीत ठेवा.
- नवीन क्रेयॉन आणला की आधी फळ्याच्या कोपऱ्यात रेघ मारून पुसून बघा.

काय पुसायचं आणि काय राखायचं?

या साधनाचा सगळ्यात मोठा गुण हाच त्याचा धोकाही आहे. सगळंच पुसलं गेलं तर मुलाने महिन्याभरात काय प्रगती केली, याचा पुरावा उरत नाही. पालकांना दाखवायला काही नाही, आणि मुलालाही आपण पुढे गेलो हे दिसत नाही. शिवाय नीटनेटकं, ओळीत, जपून लिहिणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते वहीतच येतं.

म्हणून साधा नियम ठेवा. शोधायचं फळ्यावर, राखायचं वहीत. नवीन शब्द, नवीन उदाहरण, पहिला प्रयत्न, अंदाज हे फळ्यावर. दुरुस्त होऊन पक्कं झालेलं त्यातलं दोन-तीन ओळी वहीत. आठवड्यातून एकदा पुसण्याआधी मोबाइलवर प्रत्येक फळ्याचा फोटो घ्या आणि मुलाच्या नावाने ठेवा. जुलैचा आणि डिसेंबरचा फोटो शेजारी ठेवून मुलाला दाखवा. हंगाम संपल्यावर गाव सोडून जाणाऱ्या मुलाच्या पालकांच्या मोबाइलवर हे फोटो पाठवा. पुढच्या शाळेतल्या शिक्षकांना दाखल्यासोबत ते बघायला मिळाले, तर मुलाला पुन्हा 'अ' पासून सुरुवात करावी लागणार नाही.

सुरुवातीला सगळ्या वर्गासाठी फळे करायची घाई नको. पाच-सहा फळे करा, एका गटाला द्या आणि आठवडाभर 'धरा वर!' घेऊन बघा. जे मूल वहीत काहीच लिहीत नव्हतं, ते फळ्यावर काय लिहितं याकडे लक्ष ठेवा. त्याला पुढे काय शिकवायचं, हे तिथेच कळेल.